आजीचा श्वास मोजायला शिका



तान्ह्या बाळाला धाप लागली तर आपण रात्री-अपरात्री दवाखाना गाठतो. पण सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, नुसत्या पडून राहिल्या, तर "वय झालंय, चालायचंच" म्हणतो. या 'चालायचंच'मागे न्यूमोनिया असू शकतो. म्हणून आज त्याबद्दल बोलू या.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाला झालेली जंतूंची लागण. फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात. त्यांत पाणी, पू साठतो आणि रक्ताला प्राणवायू कमी पडतो. तरुण माणसाला थंडी वाजून ताप येतो, खोकला येतो, छातीत दुखतं. म्हाताऱ्या माणसाला मात्र ताप येईलच असं नाही. खोकलाही थोडाच असतो. त्याऐवजी अन्न नको होतं, अंगातलं त्राण जातं, तोल जातो. काल नीट बोलणारी आजी आज बरळते, घरच्यांना ओळखत नाही. एक-दोन दिवसांत असा बदल झाला, तर ते वयामुळे नाही, आजारामुळे आहे असं समजा.

अशा वेळी श्वास मोजा. त्या शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या असताना मोबाइलवर एक मिनिट लावा. पोट किंवा छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. मोजतोय हे सांगू नका, नाहीतर श्वास बदलतो. मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. २५च्या आसपास गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ३० किंवा जास्त असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा भान नसेल, तर १०८ ला फोन करा. ऑक्सिमीटर मिळाला तर तोही लावा. ९४च्या खाली आकडा आला तर थांबू नका.

दवाखान्यात बीपी, मधुमेह, दमा आणि चालू गोळ्या यांची माहिती द्या. नुसती सलाईन लावली म्हणजे उपचार झाला असं नाही. छाती तपासली का, एक्स-रे लागेल का, हे न घाबरता विचारा. आजार सौम्य असेल तर गोळ्यांवर घरी बरं होता येतं. जास्त असेल तर भरती करून इंजेक्शन आणि ऑक्सिजन द्यावा लागतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर पुन्हा दाखवा. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका.

घरी पेज, पाणी भरवताना त्यांना नीट बसवा. आडवं ठेवून किंवा गुंगीत भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. चुलीचा धूर आणि बिडी त्यांच्यापासून लांब ठेवा. तोंड, दात, कवळी रोज स्वच्छ करा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि एक काम गटाचं. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की जोडीजोडीने एकमेकींचे श्वास मोजून बघा. दवाखान्याची वेळ आली तर अंतर्गत कर्ज त्याच दिवशी कसं देता येईल, तेही ठरवून ठेवा. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत आजार थांबत नाही.