शून्यांचा हिशेब

मी कवी माणूस. मात्रा मोजणे एवढेच माझे गणित. पण गझलेत एक मात्रा वाढली की ओळ लंगडते, तसे अंतराच्या हिशेबात एक शून्य वाढले की सारे दहापट होते.

प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. आणि प्रोटॉन? मिलिमीटरचे लाख कोटी भाग करा, त्यातल्या एक-दोन भागांएवढा. दोन्ही मीटरमध्ये आणा: किलोमीटरला तीन शून्ये वर चढतात, मिलिमीटरला तीन खाली उतरतात. एका प्रकाशवर्षात ओळीने प्रोटॉन मांडायचे तर संख्या ३१ आकडी!

हा नुसता खेळ नव्हे. २०१५ साली अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. कशावरून? ४ किलोमीटर लांबीत पडलेल्या, प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान फरकावरून. तशाच वेधशाळेला आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली.

तिथे उद्या काम करणारी मुलगी कदाचित आज मराठवाड्यातल्याच एखाद्या शाळेत पाटीवर शून्ये गिरवत असेल. तिला घाई करू नका. एकेक शून्य नीट मोजू द्या.