काचेतील समुद्र वाढवावा काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले भाषण)



वर्धापनदिनी आपण पाककृती, आरोग्य, बचत ह्या विषयांवर पुष्कळ ऐकता. ह्या वर्षी चिटणीसबाईंनी मला दिलेला विषय जरा निराळा आहे. आपल्या मंडळातील काही घरांत खाऱ्या पाण्याच्या लहान टाक्या आहेत. त्यांत मासे आहेत, जिवंत प्रवाळही आहे. अशा प्रत्येक घरात आज ना उद्या एकच प्रश्न निघतो. दोन फुटी टाकी काढून चार फुटी आणावी काय? आमच्या घरी तो वर्षभर चालला, म्हणून चार शब्द बोलते.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हा समुद्रातील जीव पाहण्यासाठी तिकीट काढून तेथे जावे लागे. आता तोच समुद्र दिवाणखान्यात आला आहे. फरक एवढाच की मत्स्यालयात देखभालीला पगारी माणसे असतात. घरात ती कोण करते, हे आपण जाणताच.

प्रथम मोठ्या टाकीची बाजू मांडते, कारण तिच्यात तथ्य आहे. लहान टाकी सोपी, असे वाटते. खाऱ्या पाण्यात गोष्ट उलटी आहे. आमटी आटली की खारट होते, तसेच टाकीचे होते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. दगड-वाळू हिशेबात न धरता दोन फुटी टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. लिटरला ३५ ग्रॅम मीठ हे समुद्राचे प्रमाण. दोन लिटर पाणी उडाले तर ते ३६.३ वर जाते. चार फूट लांब व दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे २४३ लिटर मावते. तिचा पृष्ठभाग तिप्पट, म्हणून तेवढ्याच दिवसांत सहा लिटर उडेल, तरी प्रमाण ३५.९ च होईल. म्हणजे फायदा आहे, परंतु दुकानदार सांगतो तेवढा नाही. खरा फायदा दुसरीकडे आहे. एखादा मासा दगडाआड मेला, तर त्यातून सुटणारा अमोनिया मोठ्या पाण्यात साडेचार पटींनी विरळ होतो. मे महिन्यात पाणी तापते तेही सावकाश.

आता दुसरी बाजू पाहू. २४३ लिटर खारे पाणी म्हणजे सुमारे २५० किलो. काच, दगड, वाळू, घडवंची धरून ४०० किलोंच्या जवळपास वजन होते, आणि तेही अर्ध्या चौरस मीटरवर. राहत्या घराची जमीन सामान्यतः चौरस मीटरला २०० किलो धरून आखलेली असते. तेव्हा जुन्या इमारतीत तरी जाणत्या अभियंत्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. पुढे विजेचे पाहा. प्रवाळाला २४ ते २७ अंश उष्णता मानवते. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र लागते. अडीचशे वॅटचे यंत्र दिवसाला आठ तास चालले, तर महिन्याला ६० युनिट झाले. शिवाय दिवे व पंप निराळे.

मासे कोणते हवेत, ह्यावरही बरेच अवलंबून आहे. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटातील नारिंगी-पांढरा क्लाऊनफिश मुलांना हवा असतो. त्याची जोडी लहान टाकीत सुखाने राहते. ह्या जोडीत मोठी ती मादी; ती गेली तर नरच मादी होतो. बाईवाचून घर चालत नाही, हे माशांनाही ठाऊक आहे! परंतु त्याच चित्रपटातील निळा मासा फूटभर वाढतो. त्याला चार फूटही अपुरे. त्याच्यासाठी टाकी बदलू नये.

कायदाही ध्यानात ठेवावा. कठीण सांगाड्याचे प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मोठी टाकी रिकामी दिसते म्हणून कोणी असले काही आणून दिले, तर घेऊ नये.

आमच्या घरी हिशेब सर्वांनी केले, पण निर्णय होईना. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “गाय घ्यायची तर धार कोण काढणार, ते आधी ठरवा.” आम्ही कागदावर कामे लिहिली. रोज उडालेले पाणी भरणे, काच पुसणे, खाणे घालणे, आठवड्याला २४ लिटर पाणी काढून ८४० ग्रॅम मीठ विरघळवून नवे घालणे, पाण्याची तपासणी करणे, पंप धुणे, वीज गेली की हवेचा पंप लावणे. प्रत्येकापुढे नाव घातले. मुलगा पुढील वर्षी शिक्षणासाठी बाहेरगावी जाणार, ह्यांची नोकरी फिरतीची. सात कामांपैकी पाचांपुढे माझे नाव आले. कोणी मुद्दाम घातले नव्हते. ते आपोआप आले. आणि क्लाऊनफिश नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षेही जगतो. म्हणजे हा करार मुलाच्या शिक्षणापेक्षा लांबचा.

आम्ही टाकी तीच ठेवली. उडालेले पाणी आपोआप भरणारे छोटे यंत्र आणि बॅटरीवरचा हवेचा पंप घेतला. मऊ प्रवाळ वाढले की त्याचा तुकडा कापून शेजारच्या टाकीत देतो. मुलगा परत येऊन पाणी बदलण्यापुढे आपले नाव लिहील, तेव्हा तीन फुटी टाकीचा विचार करू.

ज्यांच्या यादीत नावे नीट वाटली जातील, त्यांनी मोठी टाकी खुशाल आणावी. मात्र जुने दगड पाण्यातूनच हलवावेत, कारण घाण पचविणारे सूक्ष्म जंतू त्यांवर राहतात. जुनी वाळू तशीच नव्या टाकीत ओतू नये. तळाचा गाळ ढवळला की मासे मरतात. आणि दगड कधीही उकळत्या पाण्याने धुऊ नयेत. बटणांच्या झुबक्यासारखे दिसणारे झोअँथिड त्यांवर असले, तर काहींतील विष वाफेबरोबर श्वासात जाऊन घरातील माणसे आजारी पडतात. हातमोजे घालूनच काम करावे.

भगिनींनो, टाकी दोन फुटी की चार फुटी, ह्यात मोठेपणा नाही. आतील जीव बोलून दाखवू शकत नाहीत आणि घरातील बाई पुष्कळदा बोलत नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी कागद घ्यावा, कामे लिहावीत, आणि नावे सर्वांदेखत घालावीत.