जवारी लावणारे हात

दिल्लीच्या द्वारकेत, तुमच्या पदवीदानाच्या दिवशी, मराठीतून बोलायची संधी दिलीत, तेव्हा मी मिरजेबद्दलच बोलणार. मला जे गाणं आलं ते त्या गावानं दिलं.

मिरज सीमेवरचं गाव. कागवाड ओलांडायच्या आत कर्नाटक लागतं. १९५६ साली राज्यांच्या रेषा नव्यानं आखल्या गेल्या. त्या आखणीच्या वादावर आमच्या घरात जेवणं थंड व्हायची. पण सतारमेकर गल्लीत धारवाडचा गवई कानडीत भाव करायचा, कारागीर दखनीत उत्तर द्यायचा, आणि सौदा दोघांच्या मोडक्या मराठीत पुरा व्हायचा.

किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब तुमच्याच बाजूचे. कैराना इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, यमुनेकाठी. ते मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात ते गेले, तरी दफन मिरजेतच झालं. उरुसात दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ आजही रात्र-रात्र गाणं चालतं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि त्यांचे शिष्य भीमसेनजी गदगचे. किराणा घराणं उत्तरेतून आलं आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना रुजलं. हिराबाई बडोदेकरांचा जन्मही मिरजेचाच.

विष्णू दिगंबरांचं सांगायलाच हवं. कुरुंदवाडचा हा मुलगा, फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून उपचाराला मिरजेत आणला गेला. तिथे त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरू म्हणून भेटले. पुढे १९०१ साली लाहोरात त्यानं गांधर्व महाविद्यालय काढलं. आता लाहोरही सीमेपलीकडे गेलं. तिथून सुरू झालेली परीक्षा-पदवीची वाट तुमच्यापर्यंत आली आहे.

माझा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे आणि तो मी इतकी वर्षं धरून आहे. एका मोठ्या संमेलनात आयोजकांनी मला सांगितलं, गायकाच्या तिकिटाचे पैसे देऊ, तंबोऱ्यासाठी जागा धरणार नाही. तंबोऱ्याचं यंत्र आहे ना, ते लावा. मी मांडीवर तंबोरा घेऊन रात्रभर बसून गेलो. तिथल्या पत्रिकेत तबलजीचं नाव बारीक अक्षरात होतं, तंबोऱ्यावर बसलेल्या दोन मुलींचं नव्हतंच. वाद्य करणाऱ्याचं नाव तर कधीच नसतं. मी निषेध केला, तेव्हा मला हट्टी ठरवलं गेलं. तसा ठरलो याचं मला काही वाटत नाही.

तो वाद्य करणारा काय करतो ते ऐका. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कडू भोपळे येतात, ते वाळवायचे, कापायचे, त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली बसवायची. मग घोडीवर कानस फिरवून जवारी लावायची. कानस जरा जास्त लागली तर तार नुसती वाजते, बोलत नाही. हे काम डोळ्यांनी होत नाही, कानानं होतं. मुळात ही घराणी शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी; संस्थानांची शस्त्रं म्यान झाली तसे त्यांचे हात तारांकडे वळले. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हे सुरू केलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला आनंद झाला, पण मानांकनानं गिऱ्हाईक येत नाही. कारागिरांची मुलं दुसरी कामं शोधताहेत.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर मोजमापं घेऊन. हा सूक्ष्म हिशेब कानावर बसतो तो खऱ्या तंबोऱ्यापुढे. यंत्रातला षड्ज रोज तोच असतो. तंबोऱ्याचा षड्ज हवेवर, घामावर, पावसाळ्यावर हलतो आणि तुम्हाला तो दर वेळी शोधायला लावतो. त्या शोधात गळा घडतो. म्हणून मी आज एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगेन: यंत्रावर रियाज करू नका. निदान सकाळचा तास तरी स्वतःच्या हातानं जुळवलेल्या तंबोऱ्यावर करा. पहिल्या कमाईतून तंबोरा घ्या. चौघांत मिळून एक घेतलात तरी चालेल, पण घ्या. आणि घेताना जवारी कुणी लावली ते विचारा, ते नाव कार्यक्रमात मोठ्यानं सांगा.

निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस निघते, ती मिरजेला थांबते. उरुसाच्या दिवसांत या. परत जाताना तंबोऱ्यासाठी वेगळी जागा धरावी लागली, तर धरा.