विमाने शेवटी आली

(मराठवाडा मुक्तिदिनानिमित्त जालना येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठवाड्यातील जुनी माणसे वयाचा हिशेब 'पोलिस ॲक्शन'वरून करीत. मूल ॲक्शनच्या आधीचे की नंतरचे, एवढे सांगितले की पुरे होई. पण याच शब्दाने एक गैरसमजही रुजविला. मुक्ती म्हणजे सप्टेंबर १९४८ मधील पाच दिवसांची लष्करी मोहीम आणि आकाशातून आलेली विमाने, असे पुढच्या पिढ्यांना वाटू लागले. ती विमाने जेथून उडाली त्या तळाचा इतिहास पाहिला, तर हा गैरसमज टिकत नाही.

लष्करी तळ म्हणजे काय, हे जालन्याला कोणी सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, खर्च निजामाच्या रयतेचा आणि अधिकारी मात्र इंग्रज. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला. तळ कोणाच्या भूमीवर आहे यापेक्षा तो कोणाच्या हुकमतीत आहे, हा खरा प्रश्न असतो.

पुण्याजवळील लोहगावच्या तळालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. १९३९ साली इंग्रजांनी तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला. त्याच वर्षी त्यांनी भारतीय जनतेला न विचारता देश महायुद्धात ओढला. मे १९४७ मध्ये तळाचा ताबा येथील हवाई दलाकडे आला. धावपट्टी तीच राहिली, धनी बदलला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या. वायव्येकडून आलेल्या तुकड्यांनी औरंगाबाद व जालना घेतले. पुण्याहून उडणारी टेंपेस्ट विमाने त्यांच्या मदतीस होती. निजामापाशी तोडीचे हवाई दल नव्हते. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रे आणीत असे, एवढाच काय तो त्याचा हवाई आधार. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

पण जे राज्य पाच दिवसांत कोसळले, ते दहा वर्षे आतून पोखरले जात होते. १९३८ पासून स्टेट काँग्रेसचे सत्याग्रही तुरुंगात जात होते. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यामागे खेड्यापाड्यांतील तरुण उभे राहिले. त्यांनी शिंदीची झाडे तोडून सरकारचे उत्पन्न बुडविले आणि सरहद्दीवरील कॅम्पांतून करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. तेलंगणात शेतकरी देशमुखांविरुद्ध उठले होते. जालन्याच्या हुतात्मा जनार्दन मामांना विमानांची वाट पाहता आली नाही.

गोव्यातही हाच क्रम दिसतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. परंतु लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली ती १८ जून १९४६ रोजी. १९५५ साली ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधू लिमये सत्याग्रहींच्या तुकड्या घेऊन गेले. त्या वर्षी १५ ऑगस्टला वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले. दोन्ही लढ्यांत विमाने शेवटी आली. जनतेने आधीच जो निकाल दिला होता, त्याची त्यांनी अंमलबजावणी केली.

यात सैनिकाच्या शौर्याला उणेपणा नाही. मात्र शस्त्र जेथे थांबते तेथून पुढची जबाबदारी राजकारणाची असते, आणि १९४८ साली ती पार पडली नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगविला गेला. नेहरू सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने, अगदी सावध अंदाजानेही, २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचे नोंदविले. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवण्यात आला. मुक्तिदिनी हे सांगणे कटू वाटेल. पण मुक्ती साऱ्या रयतेची असेल, तर तिच्या जमाखर्चात हे मृत्यूही मांडले पाहिजेत.

ज्या धावपट्टीवरून साम्राज्याची विमाने उडाली, तिच्यावरूनच मुक्तीची विमाने उडाली. फरक पडला तो हुकूम देणाऱ्या सत्तेमागे जनता उभी राहिल्यामुळे. ती जागरूक राहिली नाही, तर धावपट्टीला पुन्हा धनी बदलण्यास वेळ लागत नाही. ध्वजवंदन आटोपून घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे ध्यानात ठेवावे.