अठ्ठावीसचे दोन अर्थ

पहाटे पनवेलहून निघालेली सायकलवाली मंडळी पेण, वडखळ मागे टाकून आमच्या नागोठण्यात चहाला थांबतात. रस्त्याचा विषय निघाला की टायरचाही निघतोच. आज त्याबद्दलच बोलतो.

रेसिंगच्या हलक्या सायकलला, म्हणजे रोड बाईकला, कोणत्या रुंदीचा टायर घ्यावा? एकेकाळी उत्तर ठरलेले होते : २३ मिलिमीटर, आणि हवा शंभर पौंड. टायर जितका अरुंद आणि कडक, तितकी सायकल वेगवान, अशी समजूत. पण आपला रस्ता कसा? पनवेल ते इंदापूर महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या काळात डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि खडी, सगळे एकाच सकाळी भेटे. अशा रस्त्यावर कडक टायर उसळतो. पायांची ताकद उसळण्यात जाते आणि मनगटे बोलू लागतात. युरोपातल्या शर्यतींतले खेळाडूसुद्धा २३ वरून २५ वर आणि पुढे २८ वर आले, ते उगाच नव्हे.

माझे मत सरळ आहे. कोकणात यायचे तर २८ च्या खाली जाऊ नये. सांगाडा आणि ब्रेक यांत जागा असेल तर ३२ घ्यावा. सत्तर किलोच्या माणसाला २८ मध्ये साधारण ७० ते ८० पौंड हवा पुरते, ३२ मध्ये त्याहून कमी. फारच कमी ठेवली, तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेमटते आणि सर्पदंशासारखी दोन भोके पडतात. मागून ट्रेलर येत असताना पुढचे चाक असे बसले, तर तो साधा पंक्चरचा प्रश्न राहत नाही! मागचा टायर लवकर झिजतो, कारण वजन त्याच्यावर अधिक. तो बदलताना पुढचा मागे लावावा आणि नवा पुढे.

टिकाऊपणासाठी आत संरक्षक पट्टा असलेला टायर बघावा. थोडा जड असतो, असू द्या. पावसाळ्यात ओल्या रबरात काच सहज घुसते. थांबाल तिथे टायरवर नजर फिरवून रुतलेले खडे काढावेत.

आणि एक गंमत. गावच्या दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितला, तर दूधवाल्याच्या सायकलचा पुढे येतो. तो अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंद. त्याची रिम ६३५ मिलिमीटरची, रोड बाईकची ६२२ ची. तेरा मिलिमीटरचा फरक कोणताही कारागीर मिटवू शकत नाही. टायरच्या कडेवर २८-६२२ हा आकडा वाचूनच घ्यावा. बहुतेक रोड बाईकच्या बारीक वॉल्व्हला मोटारसायकलचा पंपही बसत नाही. त्यासाठी छोटी पितळी जोडणी मिळते. ती, दोन ट्यूब आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा पिशवीत असावा. टायर कडेला चिरला, तर तो तुकडा आतून लावून, हवा थोडी कमी ठेवून, सावकाश कोलाडपर्यंत जाता येते.