डागावरची सहा अक्षरं

आत्याने नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी पाटल्या मोडायला काढल्या, तेव्हा मी तिच्यासोबत होतो. पाटलीच्या आतल्या अंगाला ‘९१६’ उठवलेलं होतं. सराफाने आमच्यासमोर पाटल्या आटवल्या, तपासल्या. सोनं अठरा कॅरेटच्या आसपास भरलं. ज्या पेढीतून त्या घेतल्या होत्या, ती केव्हाच बंद झाली होती. आत्या एवढंच म्हणाली, “अरे, आकडा तर होता ना?”

आकडा होता. हजारात ९१६ भाग सोनं, म्हणजे बावीस कॅरेट. पण तो उठवला होता विकणाऱ्यानेच. हॉलमार्क ही तिऱ्हाइताची साक्ष असते, आणि सगळा फरक तिथे आहे. ‘केडीएम’चंही तसंच. ते कॅडमियमच्या डाकाचं नाव. त्याच्या धुराने कारागिरांची फुप्फुसं जातात. शुद्धतेचा तो शिक्का कधीच नव्हता.

ही साक्ष मिळते कशी? कसोटीच्या दगडावरची रेघ डागाच्या वरच्या कातडीपुरतं सांगते. तपासणी केंद्रात आधी क्ष-किरणांनी पाहतात, मग नमुन्याची कणभर खरवड काढतात. ती चांदी आणि शिशासह भट्टीत तापवली की तांब्यासारखे हिणकस धातू शिशाबरोबर मुशीत जिरतात. उरलेला मणी चपटा करून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते. मागे राहतं ते निव्वळ सोनं. त्याचं वजन करायचं, मूळ खरवडीशी ताडायचं. आगीपुढे कोणाची भीड चालत नाही.

हॉलमार्कची सक्ती जून २०२१मध्ये २५६ जिल्ह्यांपासून सुरू झाली. १ एप्रिल २०२३पासून नव्या दागिन्यावर तीन खुणा हव्यात: भारतीय मानक ब्यूरोचा त्रिकोण, ‘२२के९१६’सारखी शुद्धता आणि अक्षर-अंकांचा सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. दोन ग्रॅमच्या आतले डाग, कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सूट आहे.

आता माझी कळकळीची विनंती. नुसता त्रिकोण पाहून थांबू नका. दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवावं लागतं. ते मागा, संकोच करू नका. एचयूआयडीची ती सहा अक्षरं ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. तिथे ‘अंगठी’ आलं आणि हातात मंगळसूत्राची वाटी असेल, तर खूण दुसऱ्याच डागाची आहे. ठुशीत लाख किती, खड्यांचं वजन किती, हे मात्र शिक्का सांगत नाही. म्हणून सोन्याचं निव्वळ वजन पावतीवर वेगळं लिहून घ्या. शंका राहिलीच, तर मान्यताप्राप्त केंद्रात चार दागिन्यांपर्यंत २०० रुपयांत तपासून मिळतं. हॉलमार्क असूनही सोनं कमी कसाचं निघालं, तर विकलेल्या वजनावर जेवढी तूट, तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आत्याच्या हाती यातलं काही नव्हतं.

दाराजवळच्या टेबलावर मी भिंग आणि दिवा ठेवला आहे. जाताना हातातली अंगठी काढा, आपण मिळून वाचू.