शब्द भिंतीवर राहिले, चाल गेली



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा सोहळा. समोर विणेकरी आहेत, टाळकरी आहेत, पखवाज वाजवणारे आहेत, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या आयाबहिणी आहेत. तुमच्यापुढे टाळाविषयी आम्ही काय बोलावं? म्हणून आज लांबच्या एका देशातल्या वाद्याची हकीकत सांगतो. देश इजिप्त, नदी नाईल, आणि वाद्य म्हणजे एक खुळखुळा. पोराच्या पाळण्यावरचा नव्हे, बरं का. देवळातला, देवापुढे वाजवायचा.

आता हा दिसतो कसा? हातात धरायला एक मूठ. मुठीवर घोड्याच्या नालासारखी धातूची कमान. कमानीला दोन्ही बाजूंनी भोकं, आणि त्या भोकांतून आडव्या ओवलेल्या तीन-चार सळया. पुष्कळदा सळयांत धातूच्या लहान चकत्याही असायच्या. भोकं मुद्दाम सैल ठेवलेली. हात हलवला की सळया सरकतात, चकत्या आपटतात आणि झिणझिण आवाज निघतो. आपल्या चिपळ्यांतल्या चकत्या आठवा, म्हणजे अंदाज येईल. दुसऱ्या एका प्रकारात कमानीच्या जागी लहानसं देऊळच घडवलेलं असे. मुठीच्या वरच्या टोकाला एका देवीचं तोंड कोरलेलं. चेहरा बाईचा, कान गाईचे. ही हाथोर देवी; संगीताची, नाचाची, आनंदाची.

ग्रीक लोकांनी या वाद्याला 'हलवायचं ते' अशा अर्थाचं नाव दिलं. त्यावरून पुढे युरोपात त्याला सिस्ट्रम म्हणू लागले. इजिप्तच्या लोकांचं स्वतःचं नाव सेशेशेत. तोंडानं दोनदा म्हणून बघा, सेशेशेत, सेशेशेत. आवाजावरूनच पडलेलं नाव. नाईलच्या पाणथळीत पपायरस नावाची उंच लव्हाळ्यासारखी वनस्पती वाढायची. वाऱ्यानं ती सळसळते तसा हा आवाज, असं अभ्यासक सांगतात. हाथोर देवीचं एक रूप याच झुडपांतून बाहेर येणाऱ्या गाईचं आहे.

हे वाद्य किती जुनं? तेती नावाच्या राजाचं नाव कोरलेला एक दगडी सेशेशेत आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तो सुमारे ४३०० वर्षांपूर्वीचा. वाजवायचा कशासाठी? देवीनं प्रसन्न व्हावं म्हणून, आणि तिचा राग शांत व्हावा म्हणून. प्लुटार्क नावाच्या ग्रीक पंडितानं सुमारे १९०० वर्षांपूर्वी याचा आणखी एक अर्थ लिहून ठेवला. जगातलं काहीही सुस्तावून थांबता कामा नये, त्याला हलवून जागं ठेवावं लागतं, याची ही खूण, असं त्याचं म्हणणं.

आणि वाजवणाऱ्या बहुतेक बाया होत्या, हे आयाबहिणींनी नीट ऐकावं. राण्यांपासून अधिकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांपर्यंत. 'अमून देवाची गायिका' हा तिथं मोठा मान होता; मेल्यावर शवपेटीवर नावाआधी तो लिहीत.

तिथं ओपेत नावाचा वार्षिक उत्सव असे. अमून देव कर्नाकच्या देवळातून निघून लक्सरच्या देवळात जायचा. वाट सुमारे तीन किलोमीटरची. देवाची पालखी नावेच्या आकाराची, आणि ती पुजाऱ्यांच्या खांद्यावर. उत्सव आधी ११ दिवसांचा होता, पुढे वाढत वाढत २० दिवसांच्या वर गेला. लक्सरच्या भिंतींवर तूतनखामून राजाच्या काळात हा सोहळा कोरला गेला. पालख्या, शिपाई, ढोल वाजवणारे, आणि हात उंचावून सेशेशेत हलवणाऱ्या बाया. आपण वारीत चालणारी माणसं. ती भिंत पाहिली तर आपल्याला कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

दंडेरा गावी हाथोरचं मोठं देऊळ आहे. त्याच्या पुढच्या मंडपाला २४ खांब, आणि प्रत्येक खांब सेशेशेतच्या आकाराचा घडवलेला. म्हणजे भक्तानं देवळात पाऊल टाकलं की तो वाद्यांच्या रानातच शिरला!

माउली, एवढा ज्याचा थाट, ते वाद्य पुढे मुकं झालं. इजिप्तमध्ये धर्म बदलला, देवळं एकेक करून बंद पडली. फिले बेटावरच्या इसिस देवीच्या देवळातली पूजा सहाव्या शतकात रोमच्या बादशहाच्या हुकुमानं थांबली. मग शेकडो वर्षं ती लिपीसुद्धा कोणाला वाचता येईना. १८२२ साली शांपोल्याँ नावाच्या फ्रेंच विद्वानानं ती उलगडली. १९२२ साली तूतनखामूनची कबर उघडली, तिच्यात सोन्याचा पत्रा चढवलेले दोन सेशेशेत सापडले.

आता सगळं हाताशी आलं, नाही का? वाद्य मिळालं, चित्रं मिळाली, भिंतीवरची स्तोत्रं वाचता आली. पण त्यांची चाल कुठून आणणार? इजिप्तच्या लोकांनी गाण्याचे सूर लिहून ठेवले नाहीत. त्यांच्या लिपीत स्वरसुद्धा लिहीत नसत, नुसती व्यंजनं. म्हणजे आत्ता आपण जे 'सेशेशेत' म्हणालो, त्यातले 'ए' हे अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले आहेत. त्या बाया नेमकं काय म्हणत, किती लयीत हलवत, कुठं थांबत, हे दगडाला सांगता येत नाही. शब्द भिंतीवर राहिले, चाल गळ्याबरोबर गेली.

पण गोष्ट इथं संपत नाही. नाईलच्या वरच्या अंगाला इथिओपिया देश आहे. तिथल्या जुन्या ख्रिस्ती मंडळींत याच घडणीचा खुळखुळा आजही वाजतो. त्याचं नाव त्सेनात्सेल. देब्तेरा म्हणजे तिथले गायक सेवेकरी. ते समोरासमोर ओळी करून उभे राहतात. एका हातात त्सेनात्सेल, दुसऱ्या हाती उंच काठी, आणि साथीला केबेरो नावाचा मोठा ढोल. आधी संथ, मग हळूहळू लय वाढते, ओळी डुलू लागतात. उपासना तासन् तास उभ्यानं चालते, म्हणून टेकायला ती काठी. दर जानेवारीत तिमकत नावाचा उत्सव होतो, तेव्हा हीच मंडळी मिरवणुकीनं पाण्याच्या ठिकाणी जातात. गाणं गीझ भाषेत. ही भाषा आज कोणाच्या घरात बोलली जात नाही, तरी चाल टिकली. कारण शिष्य गुरूजवळ राहून वर्षानुवर्षं शिकतो, आणि शिकलेला पुढच्याला शिकवतो.

आमचा टाळ तिथून आला किंवा तिथला खुळखुळा आमच्याकडून गेला, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्ही एवढंच बघतो की सोन्याचा खुळखुळा कबरीत ३२०० वर्षं गप्प पडला, आणि साधा धातूचा खुळखुळा हातातून हातात जात राहिला म्हणून आजही बोलतो.

आपली गाथा छापलेली आहे. हरिपाठाची पुस्तकं घरोघर आहेत. शब्दांची काळजी नाही. काळजी आहे ती आपल्या दिंडीतल्या जुन्या चालींची. ज्या चाली तीन-चार वयस्क टाळकऱ्यांनाच येतात, त्या पुस्तकात नाहीत, त्यांच्या गळ्यात आहेत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण जरूर करून ठेवा. पण तेवढ्यानं निभावेल असं समजू नका, कारण टाळ कुठं उचलायचा आणि पाय कुठं टाकायचा हे शेजारी उभं राहूनच कळतं.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं आमचं एकच मागणं. प्रत्येक टाळकऱ्यानं येत्या वारीत एक पोर आपल्या शेजारी उभं करावं. मुलगा असो की मुलगी. टाळ त्याच्या हातात द्यावा. ठेका चुकला तर रागावू नये, पुन्हा धरून दाखवावा. आणि ज्यांना जुन्या चाली येतात त्यांनी एकादशीच्या रात्री मंदिरात बसावं, आम्ही पोरं गोळा करून आणतो.

राम कृष्ण हरी!